थुंकायचं भांडं

माझा नवरा दारूने मेला, त्याला पुष्कळ वर्षं झाली. मेला म्हणजे गेला असं नाही. दर अमावस्येला तो माझ्या नणंदेच्या अंगात येतो आणि दारू मागतो. नणंद शेजारच्याच घरात राहते. जन्मात तिने थेंब घेतलेला नाही, पण त्या वेळी तिच्या तोंडाला हातभट्टीचा वास येतो. मी नाक लावून पाहिलं आहे. माझी मुलगी म्हणते, आत्या नाटक करते. वासाचं नाटक कसं करतात ते मला कोणी सांगितलेलं नाही.

मी त्याला दारू देत नाही. जिवंत होता तोवर अहो-जाहो केलं, आता अरे-तुरे करते. ऊठ, जा, म्हणते. तो जातो आणि पुढच्या अमावस्येला परत येतो.

यंदा मुलीची मुलगी पुण्याहून सुट्टी काढून माझ्याकडे नेकनूरला आली. तिला वाइन चाखायचा नवा नाद लागला आहे. द्राक्षाची दारूच ती. माघात द्राक्षं काढतात तेव्हा नाशिकच्या बागांत ती चाखायला जायचं, असं तिच्या मनात होतं. ओट्यावर बसून ती मोबाइलमधलं मला वाचून दाखवायची. दिवसाला दोनच बागा करायच्या. आधी फोन करून विचारायचं. जेवून जायचं, अत्तर लावायचं नाही. आधी पांढरी, मग तांबडी. गाडी तिची मैत्रीण चालवणार होती, कारण ती पीत नाही.

"दारू प्यायला एवढी तयारी?" मी म्हणाले. "तुझा आजा तर पायात चप्पल न घालता जायचा."

"प्यायला नाही गं आजी, चाखायला. मी अजून नवशिकी आहे."

"त्यो बी नवशिकाच हुता एकदा."

नणंद तिथेच शेंगा फोडत बसली होती. अमावस्या आहे हे माझ्या ध्यानात राहिलं नाही. फोडता फोडता तिचे हात थांबले, मान डोलायला लागली. मग त्याचा खोकला आला.

"मला बी न्या," ती त्याच्या आवाजात म्हणाली.

"तू मेलायस. गप बस."

"तू देत न्हाईस. ही दील. ही पिली की हिच्यात बसतो. या म्हातारीत बसून लई कंटाळलो."

नात आधी हसली. मग वास तिच्यापर्यंत गेला आणि तिचं तोंड उतरलं. तिने मोबाइल उलटा ठेवला. "आजी, मी नाही जात. राहू दे नाशिक."

मला राग आला. या माणसापायी माझी मुलगी कधी गावच्या जत्रेला गेली नाही. आता तिच्या मुलीनेही घरात बसायचं? मी म्हणाले, "तिथं काय करतेत ते समदं सांग. त्याला बी ऐकू दे."

ती भीत भीत सांगू लागली. पेला तिरका धरून रंग बघायचा. हुंगायचं. एक घोट तोंडात घ्यायचा, जिभेवर फिरवायचा.

नणंदेची मान पुढे आली. "आन मग?"

"मग थुंकायचं. तिथे भांडं ठेवलेलं असतं. नवशिक्यांनी तर थुंकलेलंच बरं, नाहीतर दुसऱ्या बागेत चवच कळत नाही."

"थुकायची?"

"हो आजोबा."

"समदी?"

"बहुतेक."

तो इतका गप्प झालेला मी फक्त तो मेला त्या दिवशी पाहिला होता. "आरं पण कावून थुकतेत?" एवढं बोलला. मग नणंदेने दोन्ही कानांना हात लावले आणि ती आडवी झाली. उठली तेव्हा पाणी मागितलं आणि शेंगा सांडल्या म्हणून मलाच दटावलं.

मी नातीला म्हणाले, "जायचं. मी बी येते."

"तू कशाला?"

"तू थुकतीस का न्हाई ते बघायला."

माघात निघालो. नणंदेने भाकरी आणि ठेचा बांधून दिला. दोघी पोरी पुढे बसल्या, मी मागे. माझ्या शेजारची जागा रिकामी होती, तिथे मी भाकरीची पिशवी ठेवली.

"डिकीत टाक की, मोकळी बसशील," नात म्हणाली.

"राहू दे."

रिकामी जागा दिसली की तो बसायचा, मग ती जीप असो की कोणाची पंगत.

बीड गेलं. आष्टीच्या अलीकडे नात मागे वळली. "आजी, शेवटची एखादी फारच आवडली तर गिळली तर चालेल ना? एकच घोट."

मी बोलायच्या आत पिशवी सीटवरून खाली पडली. रस्ता सरळ होता. गाडीला धक्का बसला नव्हता.

"न्हाई," मी म्हणाले.

पिशवी उचलून परत तिथेच ठेवली आणि नाशिक येईपर्यंत तिच्यावरचा हात काढला नाही.