बॅटरी आमच्याकडेच राहिली

मंगळवारी सकाळी अन्वर गेला. त्याच्या बायकोचा, रेहानाभाभीचा, फोन आला आणि मी केजच्या बाजारातून त्याच्या घरी पोहोचलो. वाटेत त्याचं इंटरनेटचं दुकान लागलं. ते बंद होतं. नेट चालत नाही म्हणून एकजण बाहेर थांबला होता.

याला आता काही आठवडे झाले. शोकसभाही झाली. तिथे राउटर पुरवणारा वितरक माइक धरून म्हणाला, अन्वरभाई म्हणजे ग्राहकांसाठी झिजणारा माणूस. मी मान खाली घालून ऐकलं. याच माणसानं अन्वरला सांगितलं होतं की लोकांना कशाला घाबरवतोस, गप्प बस…

अन्वर आणि मी शाळेपासूनचे. मी महाविद्यालयात ग्रंथपाल झालो. त्यानं वडिलांच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानात इंटरनेट आणलं आणि गावात घरोघरी स्वतःच्या हातानं राउटर बसवले. 'मी बसवलंय, बिनघोर राहा,' हे त्याचं ठरलेलं वाक्य. मग निवृत्त शिक्षिका सुमनताईंचं बँकखातं कुणीतरी रिकामं केलं. बँकेचं पान उघडलं की त्यांच्या घरात हुबेहूब तसंच, पण चोरांचं पान येत होतं. अन्वर दिवसभर त्यांच्या राउटरपुढे बसला, तेव्हा उलगडलं. त्या मॉडेलच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे डब्याच्या आतल्या प्रोग्राममध्येच, भोक होतं. पासवर्ड न देता बाहेरचा माणूस आत शिरू शकत होता. त्यानं कंपनीला कळवलं. उत्तर आलं, हे मॉडेल जुनं झालं, कृपया नवीन घ्या. त्या दिवशीही वितरकाच्या काचेत तेच मॉडेल विकायला ठेवलेलं होतं.

पुढे मोठ्या शहरांत ओरड झाली तेव्हा कंपनीनं दुरुस्ती काढली, तीही संकेतस्थळाच्या कोपऱ्यात एका ओळीत. सुमनताईंची माफी कुणी मागितली नाही. ही दुरुस्ती प्रत्येक डब्याला वायर लावून चढवायची होती, आणि मध्येच वीज गेली तर डबा कायमचा निकामी. आमच्याकडे वीज कधी जाईल ते कोण सांगणार! म्हणून अन्वर स्कूटरवर पायाशी बॅटरी ठेवून घरोघर निघाला. लोक दार उघडत ते आठ्या घालूनच. 'चालू हाय की, कावून हात लावतो?' कुणाची मॅच सुरू असे, कुणाला वाटे याला नवे डबे खपवायचेत. एकानं तर तोंडावर म्हटलं, सुमनताईंच्या खात्यात तूच शिरला असशील. हेच लोक नंतर शोकसभेत पुढच्या रांगेत बसले होते.

तो वाद घालत नसे. दुरुस्ती चढेपर्यंत डब्यावर तळहात ठेवून बसायचा. कारण मोबाइल चार्ज करायचा म्हटलं की राउटरचाच प्लग उपटायचा, ही आमच्याकडची रीत. काम झालं की डब्यावर मुलीच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका लावायचा आणि समोर आलेला चहा प्यायचा, शिव्या देणाऱ्याच्या घरचासुद्धा.

सोमवारी संध्याकाळी तो आमच्याकडे आला. मी म्हणालो, सोड आता, कंपनीचं पाप तू का फेडतोस?

'कंपनीला कोन वळखतं बे? लोकांच्या दारात मी गेलतो.'

मग डावा हात दाबत हसला. 'तुझी पुस्तकं बरी. भोक पडलं तर वाळवीच शिरती. माझा हात भरून आला बघ, बॅटरी लई जड हाय. दोन गल्ल्या राहिल्यात. हितंच ठेवतो, उद्या नेतो.'

घरी भाभी दवाखान्यात चला म्हणत होत्या. त्यांनाही त्यानं दोन गल्ल्यांचंच कारण सांगितलं होतं. हात बॅटरीमुळे दुखत नव्हता, हे आम्हाला सकाळी कळलं.

शोकसभा संपल्यावर मी वितरकाला गाठलं. मला आवाज चढवता येत नाही. राहिलेल्या गल्ल्यांचं काय, एवढंच विचारलं. 'सर, त्यांना कंपनीच्या नंबरवर तक्रार करायला सांगा ना,' असं म्हणून तो मोबाइलकडे बघू लागला. त्याच्यामागे खुर्चीवर अन्वरचा हार घातलेला फोटो होता…

बॅटरी आमच्या पडवीत आहे. ती भरलेली आहे. दोन गल्ल्या राहिल्या आहेत.