नदीकाठचा बाक

माझा मामा सोफे शिवतो. जुनं कापड उसवायचं, स्प्रिंगा घट्ट करायच्या, नवा फोम घालून पुन्हा खिळे ठोकायचे, हा त्याचा धंदा. दुपारचं तिरपं ऊन आत आलं की दुकानात कापसाचे तंतू तरंगत राहतात, खाली पडायचं विसरल्यासारखे, आणि त्यांच्या मधोमध दातांत खिळे धरून मामा. खिळे तोंडात असले तरी त्याची मतं थांबत नाहीत.

मतं व्हिडिओ गेमवर, सिनेमांवर, मालिकांवर, पण सगळी एकाच खुंटीला टांगलेली: तिथे बसायला काय आहे? अंतराळातल्या मालिकांवर त्याचा राग आहे. अख्खी आकाशगंगा ओलांडतात, पण कप्तानाच्या मानेला आधार नाही. सिनेमातला दुष्ट राजा त्याला दुष्ट वाटतच नाही. दगडी सिंहासनावर जन्म काढला तर माणूस चिडणारच. आणि चालत्या मढ्यांचा गेम बघून आम्ही दचकतो तेव्हा हा हळहळतो. बिचाऱ्यांना मेल्यापासून कुणी 'बसा' म्हटलेलं नाही.

ऐकायला गोड आहे, पण त्याच्याबरोबर खेळून बघा. त्याचा लाडका गेम दोघांनी मिळून खेळायचा. डोंगर, पडके पूल, नदी ओलांडत दीपस्तंभ गाठायचा. पडदा दोघांत एकच, त्यामुळे एक थांबला की दुसऱ्यालाही पुढे जाता येत नाही. तो कडेला जागच्या जागी पाय आपटत राहतो. नदीकाठी एक बाक आहे. तिथे पोचलं की मामा बूड टेकतो आणि ढग बघतो. मी कावलो, माझ्या मित्रांनी हात जोडले. दीपस्तंभ आमच्यापैकी कुणीच पाहिलेला नाही.

लग्नाचंही तेच. चाळिशी आली, स्थळं आली तशी गेली. आईचं म्हणणं, हा बसतो तिथेच बसतो, दुसऱ्याने पाय किती आपटायचे? म्हणून कपड्यांच्या दुकानात काम करणारी बाई दुसऱ्यांदा घरी येणार म्हटल्यावर आईने मामाला बजावलं, गेमचं नाव काढायचं नाही. पहिल्या भेटीनंतर मामाने एका गिऱ्हाइकाच्या सोफ्याला पाठीचं कापड बैठकीला शिवलं होतं. इतका तो आजवर कुणासाठी चुकला नव्हता.

ती आली. आई चहाला आत गेली आणि पाहुणीचंच लक्ष टीव्हीखालच्या यंत्राकडे गेलं. खेळता का, म्हणाली. मामाने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे.

दोघं निघाले. सुरुवातीला ती दोनदा दरीत पडली, मग हात बसला. मामा तिच्या मागे, शाळेच्या सहलीला निघाल्यासारखा. पूल गेला, झाडी गेली आणि नदी आली. पाण्यावर ढग उतरले होते, वाऱ्याने गवत एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळत होतं आणि काठावर तो बाक. मामाचा अंगठा थबकला. मी डोळे मिटणार, तेवढ्यात मामा बाकाकडे न बघता पुढे चालत गेला.

पण पडद्याच्या कडेला पोचला आणि अडकला. जागच्या जागी चालायला लागला. मागे वळून पाहतो तर पाहुणी बाकावर बसलेली.

"चला ना," मामा म्हणाला. त्याच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

"दुकानात आम्हाला दिवसभर बसू देत नाहीत," ती म्हणाली. "गिऱ्हाईक नसलं तरी उभंच राहायचं. इथे मिळतंय तर बसू दे की जरा."

मामा परत फिरला आणि तिच्या शेजारी बसला. एक ढग आला, लांबट, मधे बसलेला. त्याचा फोम गेलाय, असं मामा हळूच म्हणाला आणि ती हसली. पाणी वाहत होतं. मीही श्वास जपून घेत होतो.

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. दोघं गप्प, पडद्यावरची दोघंही गप्प.

"पुन्हा बंद पडलं का हे?" म्हणत तिने बटणच बंद केलं. नदी, ढग, बाक, सगळं काळं झालं. मामा ताडकन उठला.

"आता पुन्हा पहिल्यापासून?" पाहुणीने विचारलं.

"पहिल्यापासून," मामा म्हणाला. आवाज पार खाली गेला होता.

"मग रविवारी येते. पण बाकाची डावी बाजू माझी."

आई बटणापाशीच उभी राहिली. मामाने उभ्या उभ्याच चहा संपवला. बसायचं त्याला सुचलंच नाही.