मागच्या सीटवरच्या मॅडम

ये गं पोरी, अशी जवळ सरक. तू तिकडं भोसरीत आणि मी इकडं दिघीत, सरकणार कशी म्हणा! पण मी लिहितेय तोवर तू माझ्या शेजारीच बसलीयस असं मी धरलंय. आणि शेजारी बसलीच आहेस तर दोन शब्द ऐकून घे. काल फोनवर हसत हसत सांगितलंस, तुझी नोकरी आहे त्या कॉलेजच्या ऑफिसातले सर म्हणाले, माझी मेव्हणी आपल्याकडंच लागलीय, कासारवाडी स्टेशनवरून रोज तुझ्या गाडीवर घेऊन येत जा. आणि तू "हो सर" म्हणून मोकळी झालीस. वर मलाच विचारतेस, "त्यात काय एवढं आत्या? ताथवड्याला जायचा रस्ता तोच तर आहे!" अक्कल कुठं ठेवली होतीस? रस्ता तोच असतो गं. माणसं तीच राहत नाहीत.

माझंच सांगते. मी चाकणच्या कंपनीत होते तेव्हाचं. गाड्यांना लागणाऱ्या वायरींच्या जुड्या बांधायच्या, टेप गुंडाळायची, खोक्यात भरायच्या, हे काम. सगळ्या बायका कंत्राटावर. तुझ्या काकांची पाठ ऑपरेशननंतर धड राहिली नाही, त्यांना गाडीला किक मारवेना. गाडी दारात उभी आणि मी रोज दोन ठिकाणी बस बदलतेय. एका रविवारी मिलिटरीच्या भिंतीलगतच्या मोकळ्या रस्त्यावर काढली ती मोटरसायकल. दोनदा पडले, एकदा कुत्र्यावर जाता जाता राहिले, पण आली. पुढं पंजाबी ड्रेस, डोक्यावर हेल्मेट, अन् ही म्हातारी मोशीच्या ट्रॅफिकमध्ये टँकरवाल्यांना शिव्या घालत चाकणला निघायची. मजा होती. दिवसभर मान खाली घालून काम करायचं, घरी गेलं की यांची पाठ आणि स्वयंपाक. शिव्या घालायला तेवढाच रस्ता होता माझा.

एका सकाळी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी आमचे साहेब आले. मागं एक नवीन मॅडम, पाठीला बॅग, तुझ्याच वयाची. ऑफिसातली. हजेरी, रजा, कुणाला ठेवायचं आणि कुणाला ब्रेक द्यायचा, ते कागद तिच्या टेबलावरून जायचे. ब्रेक म्हणजे कामावरून बसवणं. परत बोलावतील तेव्हा बोलावतील, नाहीतर नाही. त्या एका शब्दाला आम्ही सगळ्या जणी भ्यायचो.

साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "मावशी, तुम्ही दिघीच्या ना? ह्या मॅडम पण दिघीतच राहायला आल्यात. ऑफिसची गाडी बंद झालीय. उद्यापासून तुमच्या मागं बसवून आणत जा. त्यांनी तुमचंच नाव घेतलंय."

मी म्हटलं, "साहेब, माझी गाडी जुनी आहे हो."

"जुन्या तर तुम्ही पण आहात मावशी. चालताय ना फर्स्टक्लास!"

सगळी लाइन हसली. मीही हसले. त्या हसण्यातच माझा होकार झाला बघ. तोंडातून शब्दसुद्धा निघाला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून मॅडम मागं. आमच्या दोघींच्या मध्ये तिची बॅग, तिचे हात मागच्या दांडीला घट्ट. पहिल्याच दिवशी उतरताना म्हणाली, "सॉरी हं मावशी." मी मनात म्हटलं, स्वतःच मागून घेतलंस आणि वर सॉरी कसलं! रस्त्यात एक अक्षर बोलायचो नाही. टँकर अंगावर आला तरी मी गप्प. ऑफिसच्या माणसासमोर शिवी कशी देणार?

हे चाललं असतं गं. रस्ता काय, संपतो. पण दुपारी डबे उघडायचे ना, तिथं खरी गोची झाली. आम्ही पाच-सहा जणी एकत्र बसायचो. त्यातली एक माझी जिवाची. कासारवाडीची, कंपनीच्या बसनं यायची. ती बस दिघीकडं येत नव्हती. तिची मेथी माझ्या डब्यात, माझं पिठलं तिच्या. कुणाचं काय ते घरी जाऊन डबा घासतानाच कळायचं. पहिल्या दिवशी तीच ओरडली, "आली गं आली, लाल दिव्याची गाडी आली! सरका, जागा द्या!" आम्ही पोट धरून हसलो. पुढच्या आठवड्यात हसणं कमी झालं. मी येऊन बसले की एखादी म्हणायची, "जाऊ दे, राहिलेलं बसमध्ये बोलू." आणि बसमध्ये मी कुठं असायचे?

मी सांगायचे, "अगं, मी काही बोलत नाही तिच्याशी." त्या म्हणायच्या, "आम्ही कुठं काय म्हटलं?"

आता पुढचं ऐक. माझ्या ह्या मैत्रिणीनं सासू आजारी आहे म्हणून एक दिवस रजा टाकली होती. सासू ठणठणीत. ही गेली होती दुसऱ्या कंपनीत मुलाखतीला, तिथं पर्मनंट करतात म्हणून. हे तिनं आम्हाला डबे खाताना हळूच सांगितलं होतं, मीही होते तेव्हा. आणि थोड्याच दिवसांत तिला ब्रेक मिळाला. तिकडचंही काम झालं नाही. ती लॉकर रिकामा करत होती तेव्हा मी जवळ गेले. तिनं डब्याची पिशवी खांद्याला लावली, म्हणाली, "जा बाई, तुझी सवारी थांबली असेल."

एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं.

त्या दिवशी परतताना मॅडम मागं होतीच. मोशीच्या अलीकडं एक रसवंती आहे, तिथं गाडी बाजूला घेतली, दोन रस सांगितले आणि हेल्मेट काढलं. म्हटलं, "मॅडम, उद्यापासून मला जमायचं नाही. तुम्ही माझंच नाव घेतलंत म्हणून इतके दिवस आणलं."

ती म्हणाली, "मी? मावशी, साहेब तर म्हणाले, मावशींनी स्वतःहून विचारलंय, नाही म्हटलं तर त्यांना वाईट वाटेल. मला तर मोटरसायकलवर बसायची भीती वाटते. रोज घरी पोचेपर्यंत हात बधिर होतात माझे."

घ्या! म्हणजे ती माझी भीड धरून बसलेली आणि मी तिची. तिच्याकडूनच कळलं, साहेबांनी मालकाला सांगून टाकलं होतं, ऑफिसच्या गाडीची गरज नाही, सोय झाली. पोरीच्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हणाली, ऑफिसात तिच्यासमोरही कुणी बोलत नाही. ही लाइनवरच्या मावशीला सगळं सांगते, असं म्हणतात. ती डबा टेबलावर एकटीच खाते.

मग मी विचारलंच. "माझ्या मैत्रिणीचं तुम्हाला कळलं कसं?"

"त्या दुसऱ्या कंपनीचा फोन आला होता, ही बाई तुमच्याकडं कामाला आहे का म्हणून. साहेबांनीच उचलला. मी फक्त कागद काढला."

रस समोर तसाच राहिला. एकीकडं जीव भांड्यात पडला, मी सुटले. आणि दुसऱ्याच क्षणी ध्यानात आलं की सुटले कुठं? हे मी मैत्रिणीला सांगू कसं? सांगितलं की ती विचारणार, तुला कुणी सांगितलं. आणि त्याचं उत्तर तर माझ्या मागच्या सीटवर बसलेलं.

रोज सकाळी शिफ्टच्या आधी आम्हाला उभं करून सुरक्षिततेची शपथ म्हणवून घ्यायचे. शेवटी साहेब विचारायचे, "कुणाला काही सांगायचंय?" कुणी कधी काही सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं. त्यांचंही विचारता विचारता पाऊल निघालेलं असायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी हात वर केला.

"बोला मावशी."

"साहेब, मॅडमना मी आजपासून आणणार नाही. त्यांनी मला मागितलं नव्हतं आणि मी त्यांना. तुम्ही दोघींना वेगवेगळं सांगितलंत."

साहेबांचा चेहरा पडला, मग हसले. "अहो मावशी, तुमच्या सोयीचंच बघत होतो की!"

"माझी सोय मी बघते, साहेब."

ह्या वेळी कुणी हसलं नाही. कुणी माझ्याकडं बघितलंही नाही, सगळ्या टेपचे रोल उचलायला लागल्या. तुला वाटेल, आता सगळ्या येऊन गळ्यात पडल्या असतील. कुठलं काय! साहेबांनी मला खोकी चढवायच्या बाजूला उभ्या कामाला टाकलं. मॅडम शेअर रिक्षानं यायला लागली. डबे खाताना मला जागा व्हायची, पण सरकून दिलेली, पाहुणीला देतात तशी.

रविवारी मी गाडी काढून कासारवाडीला गेले, तिच्या घरी. दार उघडलं तिनं, आत घेतलं, चहा टाकला. सासू बाहेर मिरच्या निवडत बसलेली. मी सगळं घोकून गेले होते, पण ती समोर बसली आणि माझ्या तोंडून एकदम निघून गेलं, "अगं, त्या कंपनीवाल्यांचाच फोन आला होता साहेबांना. मी नाही काही बोलले."

तिनं बशी खाली ठेवली. "हे तुला कुणी सांगितलं?"

मी गप्प.

"बघ," ती म्हणाली. रागानं नाही हं. दमलेल्या माणसासारखं.

"मी तिला आता आणत नाही. सगळ्यांसमोर नाही म्हटलं."

"कळलं मला. चांगलं केलंस. तेच आधी म्हणाली असतीस तर आज मी तुला विचारलंच नसतं." मग दारापर्यंत आली सोडायला. "येईन मी दिघीला. सावकाश येईन."

त्यानंतर मी कंपनी सोडली, तिला दुसरीकडं काम लागलं, दिवाळीला फोन होतो. गोड बोलते. सासूची तब्येत सांगते, माझ्या गुडघ्यांचं विचारते. दिघीला मात्र अजून आलेली नाही. रविवारी पिठलं मी अजूनही जरा जास्तच टाकते, आणि दुपारी तुझे काका म्हणतात, एवढं कुणासाठी?

तर पोरी, तू त्या बाईला फार तर आज एकदाच गाडीवर बसवलं असशील. तुझ्याही डबे खाणाऱ्या मैत्रिणी आहेत, तूच मागं कौतुकानं सांगत होतीस. उद्या सकाळी सरांना सांग, जमणार नाही, आणि एकटं गाठून नको, सगळे असताना सांग. आधी त्या बाईलाही विचार, तिला तरी हे हवंय का. ती बिचारी मागच्या दांडीला धरून काय सोसत असेल, देव जाणे.

आणि सांगून झालं की इकडं ये. भोसरीहून दिघी काही परदेशात नाही. ह्या रविवारी ये, उशीर झाला तरी चालेल, मी जेवायची थांबते. एकीची वाट बघायची मला सवय झालीय. त्यात तुझी नको भर घालूस.