एका साडीचे बटवे

ओटीत आलेले ब्लाउजपीस कुणी शिवत नाही. एकीने दुसरीला द्यायचे, दुसरीने तिसरीला, आणि फिरत फिरत ते पुन्हा पहिलीच्याच कपाटात. धुळ्यात आमच्या गल्लीतल्या बायका असले गठ्ठे माझ्याकडे आणून टाकतात आणि मी त्यांचे बटवे शिवते. आत अस्तर, तोंडाला नाडी, नाडीच्या टोकाला कापडाचाच गोंडा. बारशाला, डोहाळजेवणाला, शाळेतल्या पोरींच्या हस्तकलेच्या तासाला, सगळीकडे माझे बटवे जातात. सांगायचं एवढंच की फिरतं कापड मला लांबून ओळखू येतं. माझ्याच ओटीत ते येईल असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

माझं माहेर दोंडाईच्याजवळचं. वडील आधीच गेलेले, मग आई गेली आणि घरात भाऊ-वहिनी उरले. आई होती तोवर तिकडे जायला कारण लागत नसे. ती गेल्यावर पहिल्या भाऊबिजेला मी वहिनीसाठी साडी घेऊन गेले. नवरा म्हणाला, बहिणीने भावजयीला साडी न्यायची, ही कुठली उलटी रीत? म्हटलं, तुम्हाला नाही कळायचं. माहेरचं दार आता तिच्या हातात आहे.

दुकानदार कंटाळेपर्यंत बसून मी रामा रंगाची, जरीकाठाची साडी निवडली. वहिनी जळगावची, तिला हलकं काही चालत नाही. तिला लगेच नेसता यावी म्हणून फॉलसुद्धा स्वतः हाताने लावला. शेवटी रामा दोरा संपला, वीतभर राहिलं होतं, ते गर्द हिरव्या दोऱ्याने पुरं केलं. पायाशी कोण बघतंय! वहिनी "छान आहे हं" म्हणाली आणि घडी न उलगडता कपाटात ठेवून मोकळी झाली.

पुढे नरडाण्याकडच्या रस्त्याला जमिनींचे भाव चढले आणि आमच्या वडिलांचं शेत नेमकं त्या रस्त्याला लागून. भावाला तिथे बंगला बांधायचा होता. त्याने मला हक्कसोडीवर सही करायला बोलावलं. म्हणाला, "अक्का, तुले काय कमी शे? माहेर तं तुनंच शे. दर आखाजीले मी सोता घेवाले येसू." आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी जातात; त्या दिवशी सासरी बसून राहिलेल्या बाईला माहेर तुटलेली म्हणतात, ते मला माहीत होतं. शेतापायी भाऊ तोडायचा का? मी सही केली. कचेरीतून बाहेर पडल्यावर त्याने शेवभाजी खाऊ घातली, घरी वहिनीने ओटी भरली आणि वर साडी ठेवली. एसटीत मी ती पिशवी मांडीवर धरून बसले होते. डोळे भरून येत होते, मूर्खासारखे.

घरी येऊन फॉल लावायला म्हणून साडी उलगडली, तर फॉल लागलेला. म्हटलं, अगं बाई, वहिनीने एवढं केलं? मग खालचा काठ हातात आला. शेवटचं वीतभर गर्द हिरव्या दोऱ्याने शिवलेलं.

तळपायाची आग मस्तकात गेली. शेत गेलं त्याचं इतकं वाटलं नाही, देवाशपथ. पण त्या शेताच्या बदल्यात मला माझीच साडी? कपाट उघडून हाताला लागली ती काढून दिली असणार. मुद्दाम केलं असतं तरी एक वेळ परवडलं असतं, निदान मी तिच्या डोक्यात तरी होते असं झालं असतं. नवऱ्याला सांगितलं तर तो हसला. त्या दिवशी मी त्याला जेवायला वाढलं नाही.

बंगला झाला. वास्तुशांतीच्या आधी वहिनीचा फोन आला. "अक्का, आलेल्या बायकांना हळदीकुंकवाबरोबर काहीतरी द्यायचंय. तुमच्या हाताची सर बाजारच्या मालाला नाही हो. साठेक बटवे शिवाल ना?" घरचंच काम, तेव्हा कापडाच्या, अस्तराच्या पैशांचं कोण बोलतंय!

मी ती साडी काढली आणि कात्री लावली. नवी कोरी होती, तरी सरळ कापत गेले. जरीचा काठ प्रत्येक बटव्याच्या तोंडाशी येईल असा बेत केला, पदराचे मोठे बटवे काढले. शिवताना सारखं वाटत होतं, आता बघू. भर कार्यात तिच्या साठ पाहुण्यांच्या हातात तिची करणी देते. तोंड कसं पडतं ते बघायचंच मला.

वास्तुशांतीला मी टोपली तिच्यापुढे ठेवली. तिने एक बटवा उचलला, जरीवरून बोट फिरवलं. मी तिच्या तोंडाकडे बघत उभी.

"अय्या, किती गोड! कापड कुठून आणलंत हो?"

"तुम्हीच दिलेलं," मी म्हटलं.

"मी? कधी?" ती हसली आणि भटजींनी हाक मारली म्हणून टोपली घेऊन गेली. काही म्हणजे काही ओळखलं नाही. वरण-बट्टीच्या पंगतीनंतर ती दारात ताट घेऊन उभी होती, निघणाऱ्या प्रत्येकीला कुंकू लावून बटवा देत. माझी पाळी आली. कुंकू लावलं, हातात बटवा ठेवला. "या हं पुन्हा," म्हणाली आणि मागच्या बाईकडे वळली. माझ्या बापाच्या शेतात उभी राहून मला ती या हं पुन्हा म्हणाली!

तरी आखाजीला मी वाट पाहिली. निर्लज्ज म्हणा हवं तर. सकाळीच न्हाऊन घेतलं, पिशवी भरून ठेवली. भाऊ बोलला होता ना, स्वतः येईन म्हणून. दुपार टळली तेव्हा वहिनीचा फोन आला.

"अक्का, मी जळगावला आलेय, माहेरी. इथे सगळ्यांना तुमचा बटवा एवढा आवडला! अगदी तस्सेच आणखी पन्नास शिवून द्या ना."

"ते कापड संपलं," मी म्हटलं. "ती साडी होती. मी तुम्हाला भाऊबिजेला दिलेली, आणि तुम्ही मला सहीच्या दिवशी."

मग म्हणाली, "अगं बाई, ती होय! मग दुसऱ्या कशाचे जमतील ना?"

मी विचारलं, "भाऊ कुठे आहे?"

"हे काय, इथेच जेवताहेत. तेच सोडायला आले मला. आलो तुमच्या धुळ्यावरूनच, पण उशीर होत होता, म्हणून थांबलो नाही."