सहीच्या कागदाआधी

रक्तपेढीतल्या तंत्रज्ञ बाईंना सगळे तुफानताई म्हणत. "आठव्याच महिन्यात जन्मली, तेव्हापासून घोड्यावर बसलीय ती उतरलेली नाही," असं त्यांची आई सांगायची. चहा धड उकळायच्या आत त्या गाळून मोकळ्या. नवरा म्हणे, "उतावळा नवरा ऐकून होतो, माझ्या नशिबी उतावळी बायको आली."

पेढीत उणे ऐंशी अंशांचा एक फ्रीजर होता. रक्त थांबवणाऱ्या प्लेटलेट्स एरवी पाच-सहा दिवसांत वाया जातात, गोठवल्या की दोन वर्षं टिकतात. पण पिशवी वितळवून तयार करायला अर्धा तास लागतो, आणि एकदा वितळली की चार तासांत वापरायची, नाहीतर फेकायची. म्हणून वॉर्डातून फोन आला की ताई डॉक्टरांच्या सहीच्या कागदाची वाट न बघता पिशवी कोमट पाण्यात सोडत. कागद मागून येई. गेल्या महिन्यात दोनदा आला नाही, पिशव्या फेकाव्या लागल्या. पेढीच्या साहेबांनी सगळ्यांदेखत खरडपट्टी काढली. "लोकांनी रक्त काय फेकायला दिलंय? सहीचा कागद हातात पडल्याशिवाय फ्रीजर उघडायचा नाही!" नियम चांगलाच होता, रक्त वाहत नसलेल्या माणसांनी केलेला.

त्या सकाळी नर्सचा फोन आला. "बाळंतीण आहे, रक्त थांबत नाहीये. गोठवलेल्या दोन पिशव्या हव्यात."

"कागद?"

"पाठवते हो!"

ताईंनी पाणी सदतीस अंशांवर आणलं, हातमोजे चढवले आणि फ्रीजरसमोर उभ्या राहिल्या. एकदा हँडलला हात लावला आणि काढून घेतला. तिकडे डॉक्टरीणबाईंचे दोन्ही हात रक्तात, सही करणार कोण? अठरा मिनिटांनी कागद आला. मग पिशव्या तयार करून त्या स्वतःच जिना चढून धावत गेल्या.

दारातच नर्सने ट्रेवर हात ठेवला. "राहू द्या, ताई. दहा मिनिटं झाली तिला जाऊन."

आत बाळ रडत होतं. ताईंना रडू आलं नाही. काहीच आलं नाही. खाली येऊन त्यांनी चार तास वाट पाहिली आणि पिशव्या फेकल्या. मधे डबा खाल्ला, भाजी कसली होती ते कळलं नाही.

संध्याकाळी साहेबांनी फोनची आणि कागदाची वेळ ताडून पाहिली.

"अगदी नियमाप्रमाणे केलंत. बघा, थांबता येतं की तुम्हाला!"

एकवीस वर्षांत साहेबांनी केलेलं हे पहिलं कौतुक.

"हो, साहेब," ताई म्हणाल्या.