शेवटचा पीळ

दिंडोशीच्या कोर्टासमोरच्या गल्लीत मार्तंड परबचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे कंपाउंडच्या भिंतीला टेकवलेले चार पत्रे, एक लाकडी कपाट आणि समोर दोन मोटरसायकली उभ्या राहतील एवढी जमीन, तीही तेल पिऊन काळीकुट्ट झालेली. पण या चार पत्र्यांखाली मार्तंडने तेहतीस वर्षं जी सत्ता गाजवली, तशी गाजवणं मोठमोठ्यांना जमत नाही. गाडी त्याच्याकडे आणायची तर आधी शिव्या खायची तयारी ठेवावी लागे. वकील असो, हवालदार असो, सगळ्यांना एकच माप.

सगळ्यात जास्त राग त्याला यायचा तो बोल्ट नको इतका आवळून आटे घालवणाऱ्यांचा. अशा माणसाला त्याने 'पैलवान' असं नाव ठेवलं होतं. "कोण पैलवान भेटला हो तुम्हाला?" तो गाडीखालूनच ओरडायचा, आणि कोर्टाच्या फाटकापाशी चहा पीत उभी असलेली माणसं हसायची. गल्लीतल्या दुसऱ्या दोन मेकॅनिकांची धंद्यातली अब्रू त्याने या एका शब्दाने धुळीला मिळवली होती. त्यातला एक तर शेवटी गाशा गुंडाळून नालासोपाऱ्याला गेला. मार्तंडला त्याचं जराही वाईट वाटलं नाही, उलट त्या दिवशी त्याने सगळ्यांना भजी खिलवली.

त्याच्या गॅरेजचा एक नियम होता. बोल्ट नंदूने बसवायचा, बोटांनी फिरवून आत न्यायचा, पण शेवटचा पीळ मार्तंडचा. नंदू हा त्याचा मावसभाऊ. सव्वीस वर्षांपूर्वी कुडाळहून आला तो मार्तंडच्या घराच्या पोटमाळ्यावर झोपायला लागला आणि तिथेच पन्नाशीला पोचला. लग्न राहिलं ते राहिलंच. काम मार्तंडइतकंच येत होतं, पण पाना शेवटी हातात घ्यायची वेळ आली की तो उठून बाजूला व्हायचा. "लोखंड बोलतं," मार्तंड म्हणायचा. "'बस' म्हणतं. ज्याला ऐकू येत नाही त्याने वडे तळावेत."

पीळ मारून झाला की मार्तंड कपाटातून बायकोच्या लाल नेलपॉलिशची बाटली काढायचा आणि एक टिपका लावायचा. अर्धा बोल्टावर, अर्धा इंजिनाच्या तेलाच्या चेंबरवर. मग तो बोल्ट कुणी केसभर जरी फिरवला तरी टिपका मधून तुटणार. भलत्याच कुणी हात लावून गाडी बिघडवायची आणि खापर आपल्या डोक्यावर फुटायचं, असं एकदा झाल्यापासून त्याने ही युक्ती काढली होती. टिपका अखंड म्हणजे काम मार्तंडचं, टिपका तुटला म्हणजे दुसऱ्या कुणाचं. कोर्टातले वकील कौतुकाने म्हणायचे, "परबांनी सील मारलंय."

गेल्या दिवाळीपासून मात्र लोखंड बोलेनासं झालं. साखरेचा आजार जुना होता, तो आता बोटांच्या टोकांशी येऊन बसला. एके सकाळी मार्तंडने चहाचं उकळतं पातेलं सांडशीशिवाय उचलून खाली ठेवलं आणि त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्याची बायको शुभा बघतच राहिली. "डॉक्टरला दाखवा हो," ती म्हणाली. "माझ्या हाताचं मला कळतं," तो म्हणाला. आणि नेमकं तेच त्याला कळत नव्हतं. बोल्ट सैल राहील या धास्तीने तो आताशा थोडा जास्तीचाच जोर लावायचा. नंदूने एकदा हळूच सांगितलं, "दादा, हात जरा हलको ठेव." त्यावर मार्तंडने त्याच्या आईपर्यंत शिव्या दिल्या. नंदूने तो विषय पुन्हा काढला नाही.

त्यानंतर जूनच्या आधीच्या उकाड्यात विद्याधर आपली मोटरसायकल ढकलत घेऊन आला. विद्याधर कोर्टात स्टेनो होता. नोकरीची तीस वर्षं त्याने दुसऱ्यांच्या साक्षी टाइप केल्या, आणि नोकरी लागली त्या वर्षी घेतलेली ही काळी गाडी अजून जिवापाड जपली. बाराच दिवसांपूर्वी मार्तंडकडे तिचं ऑइल बदललं होतं. आता खालच्या बोल्टातून तेल ठिबकत होतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे मोठं डबकं झालं आणि सेक्रेटरीने फळ्यावर विद्याधरचं नाव लिहून नोटीस लावली.

"बघू दे," म्हणत मार्तंड गाडीखाली आडवा झाला. विद्याधरही गुडघ्यावर हात ठेवून वाकला.

बोल्टावर लाल टिपका होता. अखंड. कुठे चीर नाही, तडा नाही. अर्धा बोल्टावर, अर्धा चेंबरवर, लावला तसाच.

मार्तंडने मान आणखी आत घातली. बोल्ट सरळ बसलेला होता, आवळलेला होता, तरी त्याच्या कडेने तेल झिरपत होतं. म्हणजे आतले आटे गेले होते आणि ते त्यानेच घालवले होते. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा. त्याने पेट्रोलचं फडकं घेतलं आणि एका फटक्यात टिपका पुसून टाकला. मान वळवली तर विद्याधर बघत होता. दोघांची नजरानजर झाली. विद्याधर सरळ उभा राहिला आणि खिशातून मोबाइल काढून त्यात बघू लागला.

मार्तंडने बोल्ट उघडला. तेल ट्रेमध्ये पडलं आणि बोल्टाला गुंडाळून ॲल्युमिनियमची चकाकती तार बाहेर आली. चेंबरचे आटे मुळापासून सोलून निघाले होते. कोर्टाची जेवणाची सुट्टी नुकतीच झाली होती, फाटकापाशी गर्दी होती. कुणीतरी पेला हातात धरून विचारलं, "काय परब, कोण पैलवान?"

मार्तंडला गप्प बसता आलं असतं. 'गाडी जुनी, धातू थकतो' असं म्हणता आलं असतं. लोकांनी मानही डोलावली असती. पण ज्याने आयुष्यभर दुसऱ्याला माफ केलं नाही, त्याला स्वतःला माफ करायची सवय कुठून असणार?

"नंद्या!" तो गरजला. "हा बोल्ट कोणी आवळला?"

"तूच, दादा. शेवटचो पीळ तुझोच असता."

"मग टिपका कुठाय?"

नंदू वाकला. काळ्या, मळकट चेंबरवर तेवढीच जागा स्वच्छ पुसलेली होती आणि तिला पेट्रोलचा वास येत होता. त्याने मार्तंडच्या हातातल्या फडक्याकडे पाहिलं. "सायबांका इचार," तो म्हणाला. "ते बघी होते."

"विचारतो ना! साहेब, तुम्ही सांगा. होता टिपका?"

सगळे विद्याधरकडे बघू लागले. एक शब्द पुरे होता. तीस वर्षं लोकांच्या शपथा टाइप करणाऱ्या या माणसाला एक 'होता' म्हणायचं होतं. पण मार्तंडशी वाकडं कोण घेणार, मग गाडी कोण बघणार, आपल्याला काय करायचंय, असा सगळा हिशेब त्याच्या डोक्यात तेवढ्यात झाला.

"माझं लक्ष नव्हतं हो," विद्याधर म्हणाला. "मी फोनमध्ये होतो."

मग काय, मार्तंडला मोकळं रान मिळालं. "मी डबा खायला बसलो की हा माझ्या मागे हात मारतो! पैलवान माझ्याच घरात निघाला! सव्वीस वर्षं माझ्या छपराखाली झोपला, माझ्या बायकोच्या हातचं गिळलं. लोक विचारतात, ह्याचं लग्न का नाही झालं? अरे, ज्याला एक बोल्ट नीट बसवता येत नाही, त्याला पोरगी कोण देणार?"

फाटकापाशी हशा पिकला. एका वकिलाला तर ठसका लागला. नंदूचे कान लाल झाले, पण त्याने मान खाली घातली नाही. तो मार्तंडकडेच बघत राहिला. त्या बघण्याने मार्तंड आणखी पिसाळला. "कपाटाची किल्ली ठेव आणि चालायला लाग. घरी पाय टाकायचा नाही. तुझी बॅग शुभा खाली आणून देईल."

नंदूने किल्ली ठेवली. निघताना तेलाचा ट्रे भिंतीकडे सरकवला, कुणाचा पाय पडू नये म्हणून, आणि गेला. मार्तंडने मिशीवरून हात फिरवला. नाव वाचलं होतं.

पण गाडी तिथेच उभी होती. दुरुस्ती काय करायची हे मार्तंडला तोंडपाठ होतं. भोक थोडं मोठं करायचं, टॅप फिरवून त्यात नवे आटे पाडायचे, पोलादी बुश, म्हणजे आटे असलेली छोटी नळी, बसवायचा आणि त्यात नवा बोल्ट. टॅप फिरवणं हे सगळं बोटांचं काम. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, अडलं की थांबायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्ली रिकामी असताना त्याने भंगारातल्या चेंबरवर हात चालवून पाहिला. टॅप कधी अडला ते समजलंच नाही. तो मोडून आत राहिला. दुसरा घेतला, तोही मोडला. तिसऱ्या दिवशी त्याने कपाट उघडलं नाही, नुसताच स्टुलावर बसून राहिला.

विद्याधर रोज जेवणाच्या सुट्टीत यायचा. चौथ्या दिवशी म्हणाला, "परब, नाहीतर दुसऱ्याकडे नेऊ का?" दुसऱ्याकडे म्हणजे गल्लीच्या तोंडाशी, जिथल्या मेकॅनिकला मार्तंडने दहा वर्षं पैलवान म्हणून हिणवलं होतं त्याच्याकडे. मार्तंड स्टुलावरून उठला. "उद्या देतो," तो म्हणाला.

घरी शुभा चार दिवस त्याच्याशी बोलत नव्हती. ताट पुढ्यात ठेवायची आणि आत जायची. त्या दिवशी त्याने विचारलं, "नंद्या कुठाय?"

"कांजूरमार्गला. गाववाल्याकडे पडवीत झोपतो," ती म्हणाली. "बोटं तुमची गेली आणि घालवलंत त्याला."

मार्तंडने ताट बाजूला सारलं. मग म्हणाला, "त्याला म्हणावं, गाडी अडकलीय." माफी हा शब्द त्याच्या तोंडात बसत नव्हता, त्याला इलाज नाही. शुभा दुसऱ्या दिवशी सकाळीच गेली आणि नंदूला घेऊन आली. तो आला तो तिच्या शब्दाखातर, मार्तंडसाठी नाही, एवढं मार्तंडलाही दिसत होतं.

नंदू कामाला बसला. भोक मारलं. टॅपला भरपूर ग्रीस लावलं, म्हणजे कीस त्याला चिकटून बाहेर येईल, आत पडणार नाही. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. डोळे मिटूनच फिरवत होता म्हणा ना. बुश बसवला, रॉकेलने आतून धुऊन काढलं, तांब्याचा नवा वायसर घातला, बोल्ट बोटांनी आत नेला. तोवर सुट्टी झाली आणि फाटकापाशी तीच माणसं, तेच पेले घेऊन जमली. विद्याधर पुढे येऊन उभा राहिला. मार्तंड स्टुलावर बसून सगळं बघत होता आणि मनात म्हणत होता, मिटलं. पोरगा गुणाचा आहे. आज रात्री पोटमाळ्यावर गादी घालायला सांगू.

तेवढ्यात नंदू उठला. फडक्याने पाना स्वच्छ पुसला आणि दोन्ही हातांनी मार्तंडपुढे धरला.

"शेवटचो पीळ तुझो मां, दादा?"

फाटकापाशी सगळ्यांच्या माना वळल्या. यात काही वावगं नव्हतं, सव्वीस वर्षं हेच चालत आलं होतं. 'आज तूच मार' असं मार्तंडने म्हणायची खोटी होती. पण ते म्हणणं म्हणजे सगळंच सांगणं होतं, या माणसांसमोर, त्या हशानंतर. त्याने पाना घेतला आणि गाडीखाली आडवा झाला.

पाना बोल्टावर बसला. त्याने फिरवला. हाताला काही लागेना. कापसात फिरवल्यासारखं. आणखी थोडा. घाम कानात उतरला. अगदी हळू, फक्त नंदूला ऐकू जाईल अशा आवाजात त्याने विचारलं, "बस का रे?"

नंदू शेजारी उकिडवा बसला होता. त्याला दिसत होतं, ऐकूही येत होतं. वायसर दबला होता, आता बस म्हणायलाच हवं होतं. तो काही बोलला नाही.

मार्तंडने आणखी पाव फेरा मारला. कट्, असा आवाज झाला. बारीकच, पण गल्लीत सगळ्यांना ऐकू गेला. बुशाच्या कडेपासून चेंबरवर केसासारखी रेघ उमटली आणि बोटभर लांब गेली. आता नुसत्या बुशाने भागणार नव्हतं, अख्खं इंजिन उतरवावं लागणार होतं, आणि या जुन्या गाडीचा चेंबर आता बाजारात मिळत नाही हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. विद्याधरने तोंडावर हात नेला.

नंदूने कपाट उघडलं. नेलपॉलिशची बाटली काढली, वाकला आणि टिपका लावला. अर्धा बोल्टावर, अर्धा तडकलेल्या चेंबरवर, सुबक. मार्तंड अजून गाडीखालीच होता, पाना धरून.

"सायबांनू," बाटलीचं झाकण लावत नंदू विद्याधरला म्हणाला, "आता तरी लक्ष होता मां तुमचा?"

विद्याधरने खाली बघितलं आणि मान हलवून हो म्हटलं. मग नंदूने बाटली कपाटात जागच्या जागी ठेवली आणि कांजूरमार्गच्या बसला निघून गेला.