लेथवरचे हातमोजे

नववीत शाळा सुटली, हिंगोलीकडचं गाव मागे राहिलं आणि वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात लेथवर उजव्या तर्जनीची दोन पेरं गेली. हातमोजा घालून फिरत्या मशीनजवळ हात नेलेला. सुताचा एक धागा अडकला आणि मोज्यासकट बोट ओढलं गेलं.

त्यानंतर कोलशेतच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात वर्कशॉपच्या सरांनी मला शिपाई म्हणून लावून घेतलं. त्यांचे उपकार मी विसरत नाही, हे आधीच लिहून ठेवतो.

पुढे कॉलेजने जुने लेथ भंगारात दिले आणि व्हीआरचे चष्मे आणले. डोळ्यांवर चढवला की समोर अख्खं वर्कशॉप उभं राहतं. सर म्हणाले, "मामा, या लॅबला एक माणूस कायम करणार. पण त्यालाही पोरांचीच परीक्षा द्यावी लागेल."

सगळ्या वर्गासमोर मला चष्मा चढवला. आत माझ्या हाताला पाचही बोटं! मी बघतच राहिलो.

"मामा, हातावर भविष्य दिसतंय काय?" पोरं हसली.

टेबलावर हातमोजे होते. ते तसेच ठेवून मी मशीन चालू केलं. लाल अक्षरं आली, भिंतीवरच्या पडद्यावरही. एकाने मोठ्याने वाचलं, "हातमोजे घातले नाहीत. शून्य!"

"मामाला मामा बनवला रे!"

मी चष्मा काढला. "सर, लेथवर मोजे घालत नसतात. ओढून नेतंय ते." आणि हात वर केला.

"शून्य कसले? मामांना दहापैकी साडेनऊ आहेत!" मागून कोणीतरी ओरडला. सरसुद्धा हसले. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मलाही माहितीय हो. पण हे असंच बनून आलंय. तुम्हाला कायम व्हायचंय ना?"

दुसऱ्या खेपेला मी मोजे घातले. पैकीच्या पैकी. टाळ्या पडल्या. गावी फोन केला तर आई आनंदाने रडली.

आता प्रत्येक बॅचला चष्मे पुसून देतो आणि सांगतो, "आधी मोजे घाला." परवा एका मुलीने विचारलं, "मामा, बोटाला काय झालं?"

सर बाजूलाच उभे होते.

"दारात चेंगरलं."

"पुढच्या महिन्यात मला वागळे इस्टेटला ट्रेनिंग आहे," ती चष्मा चढवत म्हणाली. "तिथे खरंच असं असतं ना?"

"अगदी अस्संच, ताई," मी म्हणालो.